बॉबकॅटच्या चाकातून ऑईल गळतंय: सील बदलायचं कसं आणि परत गळू नये म्हणून काय बघायचं

चाकाच्या आतल्या बाजूने काळा ओघळ, त्यावर धूळ बसून झालेला जाड चिकट थर, आणि रात्रभर उभ्या मशीनखाली सकाळी तळहाताएवढा डाग. हे दिसलं की बहुतेक जण एकच करतात, मिस्त्रीला बोलावतात आणि सील बदलून मोकळे होतात. काही महिने बरं चालतं मग त्याच चाकातून परत सुरू. शेठ म्हणतो सील डुप्लिकेट होतं, मिस्त्री म्हणतो ऑपरेटर मशीन झोडतो, ऑपरेटर म्हणतो मशीनच जुनं झालंय. माझं मत विचाराल तर भांडण दुसऱ्यांचं असतं आणि मार सीलला पडतो. सील का गेलं ते शोधलं नाही तर कितीही ओरिजिनल सील टाका, तेच होणार.

आधी आत काय आहे ते थोडक्यात सांगतो. बॉबकॅट म्हणजे स्किड स्टिअर, पुढे बकेट असलेला छोटा लोडर, आणि त्याला वळणारी चाकं नसतात. एका बाजूची पुढची-मागची दोन्ही चाकं चेनने एकाच हायड्रोलिक मोटरला बांधलेली, डावी बाजू वेगळी उजवी वेगळी, आणि वळायचं म्हणजे एक बाजू पुढे दुसरी हळू किंवा उलटी, टायर जमिनीवर घासत आडवे सरकतात. त्या घासण्याचा सगळा आडवा लोड ॲक्सलवर आणि त्यातही बाहेरच्या बेअरिंगवर येतो. चेन आणि स्प्रॉकेट ऑईलने भरलेल्या पेटीत फिरतात ती चेनकेस, तिथून ॲक्सल एका नळीतून बाहेर येतो, नळीत आत आणि बाहेर टेपर रोलर बेअरिंग आणि सगळ्यात शेवटी चाकाच्या मागे ऑईल सील. म्हणजे आतलं ऑईल आणि बाहेरचा चिखल यांच्यामध्ये रबराची एक पातळ लिप, बस. अमेरिकेत केलर बंधूंनी १९५७ साली टर्कीच्या खुराड्यातली घाण काढायला जो छोटा तीनचाकी लोडर बनवला त्याची ही पुढची पिढी, आणि आपण तिला तळोज्यात मिल स्केल म्हणजे गरम लोखंडावरून सुटलेली पापडी भरायला, कळंबोलीच्या लोखंड बाजारात भंगार ढकलायला आणि उरण रोडला खाडीच्या खारट चिखलात लावतो, तर सीलकडून थोडी कमीच अपेक्षा ठेवलेली बरी.

पाना हातात घ्यायच्या आधी चेनकेसची लेव्हल बघा. मशीन सपाट जागेवर उभं करून लेव्हलचा प्लग उघडायचा, ऑईल त्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत पाहिजे. आता कमी निघालं तर समजू शकतो, गळतंय म्हणून कमी. पण बऱ्याचदा उलटं होतं, प्लग सैल केला की ऑईल भसाभसा बाहेर येतं. गळतीचं मशीन आणि ऑईल जास्त कसं? तर हायड्रोलिक मोटरच्या शाफ्टचं सील गेलेलं असतं आणि हायड्रोलिकचं ऑईल हळूहळू चेनकेसमध्ये उतरत असतं. तिकडे हायड्रोलिकची टाकी कमी होत राहते, ऑपरेटर बिचारा टॉप-अप करत राहतो, इकडे चेनकेस गच्च भरते आणि प्रेशर सगळ्यात कमजोर जागेतून म्हणजे ॲक्सल सीलमधून वाट काढतं. अशा मशीनला चारही ॲक्सल सील नवीन टाकलीत तरी पैसे पाण्यात. आधी मोटरचं सील, आणि ते का गेलं तेही बघायचं, कारण ज्या मशीनला केस ड्रेनचा, म्हणजे मोटरच्या केसमध्ये झिरपलेलं ऑईल टाकीत परत नेणाऱ्या पाईपचा, फिल्टर आहे तिथे तो चोक झाला की मोटरच्या केसमध्ये प्रेशर वाढून सील उडतं. तो फिल्टर न बदलता सील बदललं की परत तेच.

दुसरी गोष्ट ब्रीदर. काम करून ऑईल तापलं की आतली हवा फुगते, तिला बाहेर जायला जागा लागते. चेनकेसला ब्रीदर किंवा व्हेंटचा पाईप असेल तर तो चिखलाने, सिमेंटच्या स्लरीने बुजलेला असणार हे धरूनच चाला, आरएमसी म्हणजे तयार काँक्रीटच्या प्लांटवरच्या मशीनला तर नक्कीच. काढून डिझेलने धुवायचा, हवा मारायची, तोंडाने फुंकून आरपार जातेय का बघायचं. पाच मिनिटांचं काम आणि फुकट.

तिसरं बेअरिंगचा प्ले. मशीन उचलून स्टँडवर घेतलं की टायरखाली लांब टॉमी (लोखंडी पहार) घालून वर उचला, दुसऱ्या माणसाने हबच्या म्हणजे चाक ज्याला बोल्ट होतं त्या भागाच्या मागे सीलजवळ नजर ठेवायची. चाक वर-खाली हललं, कट असा आवाज आला की बेअरिंग गेलंय नाहीतर सेटिंग सैल आहे. शाफ्टच जागेवर नाचत असेल तर लिप कितीही चांगली असली तरी एका बाजूला दाबली जाणार आणि दुसऱ्या बाजूला फट पडणार. अशा ठिकाणी सीलबरोबर बेअरिंगचंही बजेट धरा, नंतर परत खोलायचा खर्च जास्त येतो.

आणि चौथं, ज्याच्याकडे कोणी बघत नाही, टायर. एका बाजूची दोन चाकं चेनने बांधलेली आहेत ना, मग पुढे नवा टायर आणि मागे घासलेला असं चालणार नाही. व्यास वेगळा म्हणजे एका फेरीत दोघं वेगवेगळं अंतर कापणार, पण चेन त्यांना बरोबर फिरवणार, मग चेन ताणली जाते, ॲक्सल ओढला जातो, बेअरिंग बोंबलतं. पंक्चर झालं म्हणून एकच टायर बदलायचा असेल तर निदान त्याच बाजूला तितकाच घासलेला टायर लावा, आणि हवा दोघांत सारखी. रिम उलट्या लावून चाकं बाहेर काढायची हौस काही जणांना असते, मशीन रुंद आणि स्थिर वाटतं हे खरं पण बेअरिंगवरचा लोड वाढतो तो दिसत नाही.

एवढं सगळं बघून झालं आणि सीलच गेलंय हे पक्कं झालं की मग खोला.

मशीन काँक्रीटवर घ्या, मातीवर नको, पावसात तर अजिबात नको. आपल्याकडे बकेट जमिनीला दाबून पुढची चाकं उचलायची सवय आहे, पटकन होतं म्हणून, पण ते मशीन हायड्रोलिकच्या भरवशावर लटकलेलं असतं आणि होज फुटला की खाली. तसं उचललंच तर चेसिसखाली स्टँड किंवा जाड लाकडी स्लीपर लावा आणि मशीन त्यावर टेकवून बकेटचा दाब सोडा. नुसत्या जॅकवर मशीन ठेवून खाली हात घालायचा नाही. जमिनीवर राहिलेली चाकं सरकू नयेत म्हणून त्यांना ओट लावा. कॅब वर करून आत काम असेल तर कॅबचं लॉक बसलंय का स्वतः बघा, आर्म वर ठेवावे लागत असतील तर आर्मचा सपोर्ट लावा, बॅटरीची वायर काढा आणि चावी खिशात ठेवा. हेल्परला "चावी लावू नको रे" सांगणं आणि चावी खिशात असणं यात फरक आहे.

चाक काढलं की आधी सगळं साफ करा. स्क्रॅपरने थर खरवडायचा, डिझेल आणि ब्रशने धुवायचं. हे टाळलंत तर तीच रेती नव्या सीलबरोबर आत जाणार. आणि इथे नीट बघा, हब आणि नळीच्या मधल्या फटीत काय अडकलंय. साईटवर चालणाऱ्या मशीनमध्ये बाइंडिंग वायर सापडतेच, ती ॲक्सलवर गुंडाळली जाते, फिरून फिरून चकचकीत होते आणि सीलच्या पत्र्याला कापत लिपपर्यंत पोचते. गोडाऊनच्या मशीनमध्ये, भिवंडी म्हणा नाहीतर उरणचे कंटेनर यार्ड म्हणा, वायरऐवजी प्लास्टिकची पट्टी आणि गोणीची सुतळी. ती सुतळी घर्षणाने वितळून लिपवर चिकटते आणि टणक कडं तयार होतं, छिन्नीने खरवडलं तरी निघत नाही. असं काही निघालं तर गळतीचं कारण मिळालं, पण बाकीची तीन चाकंही तशीच तपासा कारण मशीन एकाच साईटवर फिरतंय.

आता ऑईल काढा. मशीन उचलायच्या आधी थोडं चालवून घेतलं असेल आणि ऑईल अजून गरम असेल तर गाळ बरोबर निघतो. भांडं स्वच्छ ठेवा म्हणजे काय निघतंय ते कळेल. दुधाळ, कॉफीच्या रंगाचं ऑईल म्हणजे पाणी गेलंय. बोटावर घेऊन उन्हात बघितलं आणि चांदीची धूळ चमकली तर बेअरिंग किंवा चेन झिजतेय. प्लगला मॅग्नेट असेल तर त्यावर बारीक काळी लव असणारच, तिला घाबरू नका, पण नखात पकडता येईल असा तुकडा निघाला तर तो कशाचा आहे ते शोधल्याशिवाय पेटी बंद करायची नाही.

पुढचं खोलणं मशीनवर अवलंबून आहे. काही मॉडेलमध्ये हब वेगळा असतो, टेपर ॲक्सलवर चावीने (खाचेत बसणाऱ्या लोखंडी तुकड्याने) बसवलेला, मधला बोल्ट काढून दणकट पुलरने हब ओढला की मागे सील समोर येतं आणि चेनकेस उघडायची गरजच नाही. काहींत ॲक्सल आणि फ्लँज एकच तुकडा असतो, तिथे कॅब वर करून चेनकेसचं झाकण काढायचं, आत स्प्रॉकेटचा बोल्ट किंवा सर्कलिप काढायची आणि मग ॲक्सल बाहेरच्या बाजूला सरकवायचा. जाम असतो, पोर्टा पॉवरने (हातपंपाच्या हायड्रोलिक जॅकने) आतून दाबला तर सरळ येतो. घण मारून काढायला गेलात तर ॲक्सलचं टोक पसरतं आणि बेअरिंगच्या रोलरचे ठसे रेसवर उमटतात, मग बेअरिंग नवीन आणावं लागतं. शिम म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या निघाल्या तर कुठल्या बाजूच्या किती ते तारेत ओवून, चाकाचं नाव लिहून ठेवा, ती जाडी म्हणजे बेअरिंगचं सेटिंग आहे.

हब वेगळा असलेल्या मशीनमध्ये ॲक्सल जागेवरच असतो, तिथे जुनं सील काढताना स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, शाफ्टवर ओरखडा पडला की तिथूनच गळणार. सीलच्या पत्र्याला समोरासमोर दोन बारीक भोकं पाडा, ड्रिलला ग्रीस लावा म्हणजे बुरादा त्यालाच चिकटेल, भोकांत स्क्रू पिळा आणि पकडीने आळीपाळीने ओढा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, शाफ्टची ती जागा जिथे लिप फिरते. कॉटन वेस्टने कोरडी पुसून त्यावर नख आडवं फिरवा. नख अडकलं तर खाच पडलीय. हलकी असेल तर बारीक पॉलिश पेपरने गोल गोल फिरवून घासा, लांबीच्या दिशेने तिरकं घासू नका, तिरक्या रेषा पडल्या की शाफ्ट फिरताना त्याच रेषा पंपासारखं ऑईल बाहेर ढकलतात. खाच खोल असेल तर दोन रस्ते आहेत. हाऊसिंगमध्ये जागा असेल तर नवीन सील मिलिमीटर-दोन मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवायचं म्हणजे लिप कोऱ्या जागेवर येते, नाहीतर शाफ्टवर पातळ रिपेअर स्लीव्ह म्हणजे धातूची नळी चढवायची. ज्या मशीनमध्ये वेगळी वेअर रिंग असते तिथे ती सरळ नवीनच टाका. वेल्डिंग भरून लेथवर फिरवून आणलेले शाफ्ट पाहिलेत मी, चालतात, पण टर्नर चांगला पाहिजे आणि फिनिशिंग गुळगुळीत पाहिजे, नाहीतर रबर तासलं जातं. खाडीच्या पाण्यात चाललेल्या मशीनला इथे गंजाचे खड्डे असतात, ते पॉलिशने जात नाहीत, तिथे स्लीव्हच.

सील आणायला जाताना जुनं सील बरोबर न्या. मापं त्याच्या तोंडावरच छापलेली असतात, आधी शाफ्टचा व्यास, मग बाहेरचा व्यास, मग जाडी. कंपनीच्या पार्ट नंबरचं मिळालं तर उत्तम, नाहीतर मुंबईत नागदेवीच्या बाजारात मापावर मिळतं, पण नुसतं माप जुळणं पुरेसं नाही. धूळ अडवणारी दुसरी लिप आहे का बघा, आपल्या कामाला ती पाहिजेच. अंगठ्याने लिप दाबून बघा, मऊ असली पाहिजे, दुकानात वर्षानुवर्षं पडलेलं सील कडक होतं आणि दुकानदार ते सांगणार नाही. कुठल्या बाजूने बसवायचं यात लोक घोळ घालतात, स्प्रिंग असलेली बाजू ऑईलकडे म्हणजे आत.

बसवताना हाऊसिंग धुवून कोरडं करा, कडेला धार आली असेल तर कानशीने मोडा. लिपला आणि दोन लिपच्या मधल्या खाचेत ग्रीस भरा, कोरडं सील पहिल्या काही फेऱ्यांतच जळतं. ॲक्सलला चावीची खाच किंवा स्प्लाइन असेल तर लिप तिच्यावरून सरकताना कापली जाते, त्यावर दुधाची रिकामी पिशवी कापून, ग्रीस लावून गुंडाळा आणि सील बसल्यावर ओढून घ्या, याच्यापेक्षा स्वस्त टूल नाही. ठोकायला सीलच्या बाहेरच्या कडेएवढा पाईपचा तुकडा घ्या, तोंड लेथवर सरळ केलेला, आणि त्यावर हळूहळू मारा म्हणजे सील चारही बाजूंनी सारखं आत जाईल. एका बाजूला हातोडी मारून मग दुसऱ्या बाजूला मारत बसवलं तर ते तिरकं बसतं. पत्र्याची कड असलेल्या सीलला बाहेरून सीलंटचा पातळ हात द्या, लिपला लागू देऊ नका. बसल्यावर लिपची स्प्रिंग जागेवर आहे का बोट फिरवून बघा, ठोकताना ती कधीकधी उडते.

जोडणी म्हणजे खोलणं उलटं. बेअरिंगचं सेटिंग आणि ॲक्सल बोल्टचा टॉर्क तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलप्रमाणेच घ्या, टॉर्क रेंचने, पान्याला पाईप लावून अंदाजाने नाही. चेनकेसचं झाकण काढलं असेल तर आत टॉर्च मारून चेनच्या लिंक आणि स्प्रॉकेटचे दात बघून घ्या, दातांना हुकासारखा आकार आला असेल तर चेन आणि स्प्रॉकेट दोन्ही जायच्या वाटेवर आहेत. झाकणाचं जुनं गॅस्केट खरवडताना तुकडे आत पडू देऊ नका.

ऑईल कुठलं टाकायचं? इथे प्रत्येकाचं वेगळं आहे, काही मशीनच्या चेनकेसला इंजिन ऑईल १५डब्ल्यू-४० लागतं, काहींना हायड्रोलिकचंच, म्हणून मॅन्युअल किंवा मशीनवरचं स्टिकर. गळती थांबावी म्हणून १४० नंबरचं घट्ट गिअर ऑईल नाहीतर त्यात ग्रीस मिसळून टाकणारे आहेत. गळती कमी दिसते हे खरं, पण घट्ट माल ॲक्सलच्या नळीतल्या बेअरिंगपर्यंत नीट पोचत नाही, आणि मग सीलच्या पैशात मिटलं असतं ते बेअरिंग आणि ॲक्सलवर जातं. लेव्हलच्या भोकातून ऑईल ओघळायला लागलं की थांबा, "थोडं जास्त टाकू, गळेल तेवढं गळेल" हा हिशोब चुकीचा, जास्त ऑईल म्हणजे परत प्रेशर. मशीन दोन-चार वेळा पुढे-मागे करून सपाट जागी उभं करा आणि परत लेव्हल बघा, ॲक्सलच्या नळ्या भरल्या की ऑईल खाली जातं.

अर्धा तास चालवल्यावर चारही हबला हात लावून बघा. एक बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर बेअरिंग घट्ट बसलंय. चाकाचे नट पहिले आठ-दहा तास काम झालं की परत टॉर्क करायचे, हे कोणी करत नाही आणि मग स्टड तुटले की बोंब.

रोजचं असं काही मोठं नाही. सकाळी चाकांच्या मागे एक नजर आणि गुंडाळलेली वायर असेल तर पक्कडने तोडून काढणं, एवढं ऑपरेटरकडून करून घेतलं तरी सीलचं आयुष्य वाढतं. चेनकेसची लेव्हल २५० तासांना आणि ऑईल बदल १००० तासांना किंवा वर्षातून एकदा, साधारण असा हिशोब असतो, तुमच्या मॉडेलचा वेगळा असेल तर तो धरा. पण आवर मीटरवर कमी तास झाले म्हणून पावसाळ्यानंतरचा बदल चुकवू नका. जून ते सप्टेंबर मशीन हबपर्यंत पाण्यात चालतं, नालेसफाईला लावलं तर विचारूच नका, आणि तापलेला हब एकदम गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि लिपच्या बाजूने पाणी आत ओढलं जातं. म्हणून पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, सकाळी मशीन चालू करायच्या आधी, ड्रेन प्लग अगदी थोडा सैल करा. पाणी रात्रीत तळाला बसलेलं असतं, आधी तेच येतं. नुसतं ऑईल आलं की प्लग आवळा. चमचाभर पाणी आलं तर लक्ष ठेवा, कपभर आलं तर ऑईल बदला आणि सील शोधा. आणि वॉशिंगला नेलं की पाण्याची गन हबच्या मागे रोखून धरू देऊ नका, त्या प्रेशरपुढे कुठलीच लिप टिकत नाही.

निघालेलं जुनं ऑईल साईटवरच्या सेंटरिंगच्या प्लेटींना फासायला लोक मागतात, देऊ नका, गटारात तर नकोच, तिथून ते सरळ खाडीत जातं. वापरलेलं ऑईल २०१६ च्या नियमांत घातक कचऱ्यात येतं, त्यामुळे ड्रममध्ये साठवा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या रिसायकलरलाच द्या, पावती ठेवा.

दोन सील आणि झाकणाचं एक गॅस्केट गाडीत कायम असू द्या, रविवारी दुकानं बंद असतात आणि मशीन नेमकं तेव्हाच बसतं. फक्त सील खिळ्याला अडकवून ठेवू नका, लिप एका जागी दबून वाकते. पाकिटातच, आडवं, उन्हापासून लांब.